मालधक्क्याची भिंत

केबिनमनने पातळ फळीची कड आडपट्टीला टेकवली आणि करवतीचं बटण दाबलं. यंत्र जेमतेम वहीएवढं, गोल पातं बशीहून लहान. बोटं दूर ठेवून त्याने काडीने फळी पुढे सरकवली. पातं गुरगुरलं, मनगटावर भुसा उडाला आणि रेल्वेच्या मालधक्क्याच्या लाकडी प्रतिकृतीची शेवटची भिंत कापून झाली.

त्याने ती मोजली. पुन्हा मोजली. पातं स्वतःच अर्धा मिलिमीटर लाकूड खातं, तेवढं त्याने धरलं होतं. या मापात अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या भिंतीतले चार सेंटिमीटर. तेवढ्यावरही सगळं अडू शकत होतं.

"निवृत्तीनंतर चांगला खेळ मांडलाय," असं शेजारी थट्टेने म्हणत. तोही हसून वेळ मारून नेई.

अकरा वर्षांपूर्वी तो त्या मालधक्क्याजवळच्या सिग्नल केबिनमध्ये बदली म्हणून आला होता, अवघा आठवडाभर. वळणावर रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत त्याचा मेहुणा होता, बायकोचा थोरला भाऊ, दादा. इंजिन सुटल्याचा फोन आला की खिडकीशी जायचं, वळणावर माणसं दिसली तर भोंगा द्यायचा. त्या दुपारी फोन आला, पण भोंगा वाजला नाही आणि दादा इंजिनाखाली गेला. चौकशीत त्याने सांगितलं, बघितलं होतं, पण मालधक्क्याची भिंत आड आली. साहेबांनी लिहून घेतलं. पुढच्या वर्षी केबिन आणि धक्का दोन्ही पाडले.

तो खिडकीशी गेलाच नव्हता. भिंतीचं उत्तर साहेबांसमोर ऐनवेळी तोंडात आलं होतं. पण ते चुकून खरं असलं तर? भिंत खरंच आड येत असली, तर तो उठला असता काय आणि नसता काय, दादा वाचलाच नसता. जुने नकाशे मिळवून दोन वर्षं तो त्या एवढ्याशा आशेपायी लाकूड कापत होता.

त्याने भिंत गोंदाने बसवली, सुकू दिली. वळणावर, रुळांच्या मधोमध, दोन सेंटिमीटरचा माणूस उभा केला. मग जमिनीवर बसून त्याने केबिनच्या उघड्या ठेवलेल्या मागच्या बाजूला डोळा लावला.

माणूस दिसत होता, डोक्यापासून पायापर्यंत. भिंतीची कड त्याच्यापासून बोटभर लांब होती. चार सेंटिमीटरचा प्रश्नच नव्हता.

"अहो, चहा गार होतोय," बायको दारातून म्हणाली.

तो उठला नाही.

"दिसतो," तो म्हणाला.

"कोण?"

"दादा. केबिनच्या खिडकीतून. भिंत आड येत नाही."

तिने स्टुलावरचा भुसा पदराने झटकला आणि बसली.

"माहीत आहे मला. दुसऱ्या दिवशी तुमचा डबा आणि स्वेटर आणायला मीच गेले होते. तेव्हाच खिडकीत उभी राहून बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं होतं?" तिचा आवाज चढला नाही. "महिनाभर आधी तुमचं त्याच्याशी वाजलं होतं. तोंड बघणार नाही म्हणाला होतात. मी समजून गेले, दिसत असूनही भोंगा दिला नाहीत."

त्याने मान वर केली.

"अगं, काहीतरीच काय! मी बघितलंच नाही. फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिलो. जेवण नुकतंच झालं होतं. म्हटलं, उठू थोड्या वेळाने."

ती स्टुलावरून पुढे वाकली.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच."

टेबलाची कड धरून तो उठायला गेला, त्याला उठवेना. सवयीने तिचा हात पुढे आला, आणि मध्येच थांबला.