दाराला टिकली

दिपालीने कोथिंबिरीच्या वाफ्यातून पाचवी गोळी उचलली. पाण्याने फुगून तिचा भुगा व्हायला आला होता. आणखी माती उकरायची तिची हिंमत झाली नाही. बारा दिवस ती जेवणानंतर आईच्या तळहातावर गोळी ठेवत होती, आणि आई चूळ भरायच्या निमित्ताने मागच्या अंगणात येत होती.

उद्या दुपारच्या एसटीने तिला पुण्याला परतायचं होतं. प्रयोगशाळेची रजा संपली होती. वडील जाऊन दोन महिने झाले तरी आई पोटभर जेवली नव्हती, कुणाशी धड बोललीही नव्हती. गोळ्या चुकवू नका, असं नगरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

भागूबाई पडवीत लसूण सोलत होत्या. दिपालीने ओल्या गोळ्या आईपुढे ठेवल्या.

"आई, हे काय?"

"दिसतंय की तुला. पहिल्या दोन गिळल्या. काय फरक न्हाई."

दिपाली जमिनीवरच बसली. समजावून सांगणं तिला छान जमायचं. शाळेतली पोरं प्रयोगशाळा बघायला आली की सगळे तिलाच पुढे करत.

"दोन गोळ्यांनी नाही पडत फरक. मेंदूतल्या पेशींना बारीक दारं असतात. एका पेशीकडून निरोप येतो, दुसरीचं दार उघडतं."

"तू उंदराच्या मेंदूचं शिकती ना?"

"हो."

"मग उंदराचं औषध मला देती व्हय?"

आई इतकं बोलली म्हणून दिपालीला धीर आला.

"दारं सारखीच असतात गं. पण किती उघडायचं, हे नुसत्या निरोपावर नसतं. दाराला फॉस्फेटचा एक कण चिकटतो. पोरांना मी सांगते, दाराला टिकली लावली. टिकली लागली की काही दारं जास्त उघडतात, काही निरोप येऊनही मिटून राहतात. काढली की पुन्हा आधीसारखी. दुःखात हा मेळ बिघडतो. गोळीने निरोप वाढतो, पण दारांचा मेळ बसायला तीन-चार आठवडे जातात."

भागूबाईंच्या बोटांत पाकळी तशीच राहिली.

"आन् काढतं कोन?"

"काय?"

"टिकली."

"त्याला वेगळं प्रथिन असतं. लावणारं एक, काढणारं दुसरं. ते काही वाईट नसतं, त्याचं कामच..."

तिची नजर आईच्या मोकळ्या कपाळावर गेली.

वडिलांच्या दहाव्याला, प्रवरेच्या घाटावर आत्या पुढे सरसावली, तेव्हा दिपालीनेच तिला अडवलं होतं. शिकलेली पोर आता हे बंद पाडणार, असं वाटून बायका गप्प झाल्या होत्या. आईनेही मान वर केली होती. आणि दिपालीने ओढणीच्या टोकाने, अगदी हलक्या हाताने, आईच्या कपाळाची टिकली स्वतःच काढली. आत्याचा हात राकट, आईला लागेल, एवढंच तिच्या मनात आलं होतं. आईचा मोठा त्रास आपण वाचवला, असंच ती आजवर समजत होती.

"मला वाटलं, तू नको म्हनशील," भागूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आत्याला काय बोलायचं. तिनं जन्मभर तेच केलं."

दिपालीने आईचा हात धरायला हात पुढे केला. भागूबाईंनी लसणाची सालं सुपात ओढून घेतली.

"आई, आजची गोळी..."

"ठिव तितं."

"काढून देऊ?"

"तुझ्या हातानं नगं."

दिपालीने गोळ्यांचं पाकीट ठेवलं आणि ती आत गेली. पिशवी उघडली, पण भरायला काही सुचेना. बऱ्याच वेळाने बाहेरून हाक आली.

"दिपे, जेवल्यावर घ्यायची, का आदी?"

ती लगबगीने उंबऱ्यापर्यंत आली.

"तितूनच सांग," भागूबाई म्हणाल्या.

दिपाली थांबली. "जेवल्यावर," ती तिथूनच म्हणाली.