नऊ नंबरचे एकतीस गुण

"वहीबाई, हे दोन गुण तुम्ही नऊ नंबरला लावलेत," पंच टेबलावर वाकून हळूच म्हणाले. "कोर्टवर नऊ नंबर कोणी नाहीच."

वहीबाईंनी चष्मा वर सरकवून वहीत पाहिलं. खरंच की! यादी संपल्यावर खाली जी मोकळी जागा होती, तिथे त्यांच्याच हाताने एक नवी ओळ पडली होती. नऊचा आकडा, आणि पुढे भरलेले दोन गोल. अक्षर कसं अगदी ठसठशीत.

"चौदा नंबर," पंच म्हणाले. "ती या वर्षी आलेली उंच मुलगी. तिला लावा."

पंचांनी शिट्टी मारली, सराव सामना पुढे सुरू झाला. वहीबाई मात्र त्या नऊच्या आकड्याकडेच बघत होत्या. चाळीसहून जास्त वर्षं त्या विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची गुणांची वही लिहीत आल्या होत्या. आधी क्रीडा विभागाच्या स्टोअरमध्ये नोकरीला होत्या तेव्हा, आणि निवृत्त झाल्यावर नुसत्या हौसेने. आख्ख्या विद्यापीठात त्यांचं खरं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं. ताप अंगात असताना वही लिहिली, घरात आई शेवटचं आजारी असताना लिहिली, पण एक गुण कधी इकडचा तिकडे झाला नव्हता. आणि आज कोर्टवर नसलेल्या मुलीला दोन गुण!

चूक दुरुस्त करायची त्यांची रीत ठरलेली होती. खोडरबर नाही, गिरगोटा नाही. एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. नव्या मुलींना त्या नेहमी सांगायच्या, "चूक लपवायची नाही गं, चूक दिसली पाहिजे. नाहीतर वही आणि भिंतीवरची कोळशाची रेघ सारखीच." तसं त्यांनी केलं आणि मग मान वर करून चौदा नंबरकडे पाहिलं.

तिला पुन्हा फ्री थ्रो मिळाला होता. मुलगी रेघेवर आली. तिने चेंडू तीनदा आपटला. दोन्ही तळव्यांत एकदा गरगर फिरवला. मग उजवा पाय जरासा उचलून उजवा तळवा मोज्याला पुसला. आणि टाकला.

म्हणजे मघाशी डोळ्यांनी बरोबरच पाहिलं होतं. उगाच नाही हाताने नऊ लिहिलं. अशी मोज्याला तळवा पुसणारी मुलगी त्यांनी जन्मात एकच पाहिली होती. तिला सगळ्या शिडी म्हणायच्या.

शिडीचा आवाज तसा वहीबाईंच्या कानात नेहमीच असायचा. दुपारी सराव संपला, मुली गेल्या, हॉलला कुलूप लावायला त्या गेल्या की आतून तीन टप्पे ऐकू यायचे. टप्, टप्, टप्. मग काहीच नाही. चेंडू जाळीतून गेल्याचा आवाज कधी यायचा नाही. पाण्याचे पाइप असतील, त्या म्हणायच्या. पाइपवाल्याला दोनदा दाखवलं होतं. तो म्हणाला, "बाई, या भिंतीतून पाइप जातच नाही." तेव्हापासून त्यांनी विचारणं सोडलं.

सामना संपल्यावर त्यांनी चौदा नंबरला स्टोअरमध्ये बोलावलं. निमित्त काय, तर बुटांचं माप. एका भिंतीला चेंडूंची जाळी, एका भिंतीला जुन्या वह्यांचं कपाट, मध्ये स्टूल. मुलगी दारातून वाकूनच आत आली.

"बॉल मोज्यावर हात पुसून टाकायचा, हे कोणी शिकवलं तुला?"

मुलगी लाजली. "चुकीचं आहे का? आजीने शिकवलं. आमच्या मागच्या अंगणात तिने भिंतीला कढईची रिंग ठोकली होती. बूड काढून टाकलेली कढई! आई तिला रागवायची, म्हणायची या वयात काय हे."

"खेळायची आजी?"

"छे हो! कॉलेजात होती तेव्हा नुसती बघायला जायची म्हणे. तिच्या वडिलांचा फार धाक होता." मुलगी हसली. "ती सांगायची, खऱ्या कोर्टवर मी आयुष्यात एकदाच बॉल टाकला, आणि तोही चुकला."

वहीबाई स्टुलावर बसल्या. "आजी… आहेत?"

"नाही. मागच्या वर्षी गेली. म्हणून तर मी इथे प्रवेश घेतला. तिला फार वाटायचं, मी याच विद्यापीठात खेळावं." मग तिने विचारलं, "माप घ्यायचंय ना?"

माप घेतलं. ते लिहायचं मात्र राहून गेलं.

आता मुळापासून सांगायलाच हवं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी विद्यापीठाचा मुलींचा संघ नुकता दुसऱ्या वर्षात होता. मुली मिळता मिळत नव्हत्या. पालकाच्या सहीशिवाय नाव नोंदवता येत नसे आणि पालक सही करत नसत. वहीबाईंचे वडील समोर येईल त्या कागदावर सही करायचे, एवढ्याच गुणावर त्या संघात होत्या. नाहीतर चेंडू अंगावर आला की डोळे गच्च मिटणारी ही पोरगी, तिला कोण घेणार! नऊ नंबरचा गणवेश तिला मिळाला होता आणि तो ती बाकावर बसून बसून झिजवत होती.

आणि शिडी? सहा फुटाला दोन बोटं कमी. हातात चेंडू आला की बाकीच्या मुली खेळायचं सोडून बघत राहायच्या. पण तिचे वडील सही करणार नव्हते, ते एकदाच आणि निक्षून सांगून झालं होतं. अंतिम सामन्याच्या सकाळी कप्तान म्हणाली, "नऊ नंबर शिडी घालेल." ओळखपत्रावर दोन वेण्या आणि काळा डाग एवढंच दिसायचं, त्यात माणूस आहे की माठ हे कळायची सोय नव्हती. कोणी विचारलंही नाही. मास्तरांनी, म्हणजे प्रशिक्षकांनी, सगळं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून संघाची वही खऱ्या नऊ नंबरच्या हातात दिली. "तू तिकडे बस. जे होईल ते लिही."

तिने लिहिलं. शिडीने एकेक बास्केट मारावी आणि हिने स्वतःच्या नावापुढे गोल भरावा. एकतीस गुण! विद्यापीठाने कप जिंकला. पन्नास वर्षांत तो एकच.

दुसऱ्या दिवशी शिडी पोट धरून हसत आली होती. "अगं, बाबांनी पेपर मोठ्याने वाचला घरात. मला म्हणाले, बघ तुझी मैत्रीण! अशी मुलगी पोटी यावी. मी भांडी घासत होते." हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वहीबाई तेव्हा त्यालाही हसल्या होत्या. वयच तसं होतं, दुसरं काय!

पण हसण्यावारी जावं असं पुढे राहिलं नाही. त्या एकतीस गुणांच्या कात्रणावर वहीबाईंना खेळाडू म्हणून क्रीडा विभागात नोकरी लागली. आयत्या बिळात नागोबा होऊन बसल्या. आणि सहा वर्षांनी एका दुपारी शिडी हॉलच्या दारात उभी राहिली, कडेवर छोटी मुलगी घेऊन.

"बाबा गेले," ती म्हणाली. "आता मला कोणाची भीती नाही. एकदा वहीत खरं लिहून टाकशील का गं? कोणाला दाखवू नकोस हवं तर. नुसतं लिहून ठेव."

"वेडी की काय! माझी नोकरी जाईल." वहीबाई झटकन म्हणून गेल्या. त्या शब्दांची कडू चव अजूनही त्यांच्या तोंडातून गेली नव्हती.

"बरं," शिडी म्हणाली. एवढंच. मुलीला वहीबाईंच्या हातात दिलं, चेंडू उचलला आणि रेघेवर गेली. तीन टप्पे. वहीबाईंनी मान खाली घातली आणि त्या मुलीचं झबलं नीट करत बसल्या. चेंडू पडला की चुकला, त्यांनी पाहिलंच नाही. वर पाहिलं तेव्हा शिडी मुलीला घ्यायला हात पुढे करून उभी होती. पुन्हा कधी ती आली नाही.

चुकला होता तर. बेचाळीस वर्षांनी आज कळलं.

त्याच आठवड्यात संघाची पन्नास वर्षं साजरी होणार होती. इतिहास विभागातल्या एक तरुण मॅडम संघाचा इतिहास लिहीत होत्या. हॉलच्या भिंतीवर नऊ नंबरचा गणवेश काचेच्या चौकटीत लागणार होता, खाली वहीबाईंचं नाव, एकतीस गुण. शेजारी संघाचा त्या दिवशीचा फोटो, पुरुषभर उंच करून. फोटोत नऊ नंबर घालून वहीबाई उभ्या होत्या. शिडीचा फोटो कुठे छापून आला असता तर घरी पत्ता लागला असता. मॅडम कौतुकाने म्हणाल्या होत्या, "बाकी सहा जणी कुठेतरी भलतीकडेच बघताहेत. तुम्ही एकट्याच कॅमेऱ्यात नीट बघताय."

वहीबाईंनी कप्तानला फोन केला. कप्तान आता दोन नातवंडांची आजी होती, पण आवाजातली शिट्टी गेली नव्हती.

"काय म्हणालीस? अगं, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" कप्तान फोनवरच ओरडली. "झाकली मूठ राहू दे! खोट्या नावाने खेळवलं म्हटल्यावर कप जाईल आपला. आपल्या सगळ्यांचा! आपल्यातल्या तिघी वर गेल्या, त्यांच्या फोटोला आता डाग लावणार तू?"

"शिडीही गेली, कप्तान."

मग कप्तान हळू म्हणाली, "मग आता कोणासाठी करतेस? ती काही बघायला येणार नाही. आणि पेन्शन कशाची खातेस, ते विसरलीस का?"

"तेच तर घशाखाली उतरत नाही."

"मग इतकी वर्षं कशी उतरली?" कप्तानने विचारलं आणि फोन ठेवला.

त्याला उत्तर एकच होतं. घाबरत होते, हेच. आधी नोकरीसाठी, मग नावासाठी, आणि मग इतकी वर्षं गप्प का राहिलीस असं कोणी विचारेल म्हणून. वहीबाईंना स्वतःचीच किळस आली. त्या उठल्या आणि कपाटातून सगळ्यात जुनी वही काढली.

दुपारी स्टोअरमध्ये, मॅडमना समोर बसवून, त्यांनी ते पान उघडलं. स्वतःच्या नावावर पट्टी ठेवून एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी शिडीचं संपूर्ण नाव लिहिलं, तिच्या वडिलांच्या नावासकट. सही केली. तारीख आजची घातली.

मॅडम आधी गोंधळल्या, मग त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "वहीबाई, मला हे समितीपुढे ठेवावं लागेल. कपाचं काय होईल सांगता येत नाही. तुमचंही."

"ठेवा की. वही लपवून ठेवण्यासाठी नसते."

"चौकटीत मग तुमचं नाव…"

"माझं नाव टाकायचं तर 'वही लिहिणारी' म्हणून टाका. तेवढं खरं आहे. तेही तो एक दिवस सोडून."

कार्यक्रमाच्या सकाळी हॉल फुग्यांनी आणि खुर्च्यांनी भरला होता. समितीने निर्णय पुढे ढकलला होता, त्यामुळे चौकट लागलीच नव्हती. भिंतीत नुसते दोन खिळे, शेजारी तो पुरुषभर फोटो मात्र लागला होता. कप्तान आली, पहिल्या रांगेत बसली, वहीबाईंकडे तिने मान वळवली नाही. एकदोन जणी कुजबुजल्या. विभागप्रमुखांनी आजच्या सामन्याची वही लिहायला दुसऱ्याच कोणाला तरी बसवलं होतं. वहीबाई मागे भिंतीशी उभ्या राहिल्या. रिकाम्या हातांचं काय करावं, ते त्यांना कळेना.

चौदा नंबर त्यांना शोधत आली. मॅडमनी तिला कालच सगळं सांगितलं होतं. डोळे सुजले होते पोरीचे.

"आजीने तुमच्याबद्दल कधी वाईट सांगितलं नाही," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल काहीच सांगितलं नाही."

वहीबाईंनी मान हलवली. रागावली असती पोरगी तर बरं झालं असतं.

बराच वेळ ती त्या मोठ्या फोटोकडे बघत राहिली. "यात आजी नाहीच ना कुठे?"

"नाही."

"मग या सगळ्या कुठे बघताहेत?"

वहीबाईंनी तिच्या दंडाला धरलं आणि तिला फोटोसमोर नेलं. मधोमध नाही, जराशी डावीकडे, एक पाऊल मागे. "इथे उभी राहा. फोटोवाल्याच्या खांद्यामागे उभी होती ती. माझे कपडे घातले होते, आखूड होत होते तिला. चेंडू डोक्यावर ठेवून वेडावत होती आम्हाला."

मुलगी तिथे उभी राहिली. फोटोतल्या सहा जणी हसू दाबत सरळ तिच्याकडे बघत होत्या. सातवी तेवढी समोर बघत होती.