एकची पाटी

०–०

कपाटाचं एक जुनं दार.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेला चष्मेवाला.

फुगायला ठेवलेले बावन्न पाव.

बुटाची सुटलेली नाडी.

यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. शिट्टी वाजेपर्यंत लागेल.

०–१

काडी हा पेशाने पाववाला. नाव सासऱ्यांनी ठेवलेलं, तेही लग्न ठरवायच्या बैठकीत, त्याच्या तोंडावर. "मुलगा चांगला आहे हो, पण उन्हात उभा केला तर सावली पडेल का?" त्या दिवसापासून सगळ्या गल्लीचा तो काडी झाला. पहाट भट्टीची आणि रविवारची दुपार मैदानाची, असा त्याचा आठवडा. वस्तीच्या फुटबॉल संघाचा धावफलक, म्हणजे गोलफलक म्हणा, तो सांभाळायचा. पाइपांच्या सांगाड्यावर काळा फळा, त्यावर दोन हुक: डावा आपल्यांचा, उजवा पाहुण्यांचा. पाट्या म्हणजे जुन्या कपाटांची दारं, खांद्याइतकी उंच, काळी रंगवून त्यावर पांढरे इंग्रजी आकडे; दोन्ही बाजूंचे संच वेगळे, एकीकडची पाटी दुसरीकडच्या हुकावर बसायची नाही.

यंदा डाव्या हुकावर शून्य चढलं ते उतरलंच नाही. घरच्या मैदानावर बारा सामने, आणि आपला गोल एकही नाही. उजवीकडे पाट्यांची इतकी ये-जा, की चारच्या पाटीचा रंग त्याला दोनदा द्यावा लागला.

"आता संघाला पण खमीर घाल," गिऱ्हाइकं म्हणायची. "निदान फुगेल तरी."

"घ्यायचा असेल तर पाव घ्या, नाहीतर वाटेला लागा," काडी म्हणायचा. संघावर बोललेलं त्याला खपायचं नाही. खरंच खपायचं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

०–२

सासरे फळ्याच्या बरोब्बर समोर, तिसऱ्या पायरीवर, स्वतःची उशी घालून बसायचे. चाळीस वर्षं त्यांनी वस्तीच्या नाकांवर चष्मे चढवले आणि शेवटी स्वतःचेच डोळे धुक्यात गेले. चेंडू दिसत नाही, खेळाडू म्हणजे हलते डाग. मोठं, पांढरं आणि काळ्यावरचं असेल तेवढंच दिसतं. म्हणजे फळा.

शेजारच्या टोळक्याने मोसमाच्या सुरुवातीला "गोल! गोल!" असं ओरडून त्यांना दोनदा उठवलं होतं. तेव्हापासून ते कुणाचं ऐकत नसत. फळा म्हणेल ते खरं.

सासूबाई गेल्यापासून ते फक्त रविवारी उंबऱ्याबाहेर पडत. आणि गेल्या रविवारी जेवता जेवता त्यांनी जाहीर केलं, "पुढचा सामना शेवटचा."

"मोसमातला शेवटचाच आहे, बाबा," काडीची बायको म्हणाली.

"मोसमातला नव्हे, माझा. वर्षभर काय बघतोय मी? जावयाच्या फळ्यावरचं अंडं. अंडंच बघायचं तर घरात फ्रिज आहे."

स्वयंपाकघरात बायकोने काडीला गाठलं. "ते एकदा घरात बसले की बसलेच. मग भिंतीशी बोलतील. काहीतरी कर तू."

"मी काय करू? गोल मारू?"

"मार!"

०–३

रविवारी मध्यंतरानंतर लगेच पाहुण्यांचा तिसरा गोल बसला. उशीवर चुळबुळ सुरू झालेली काडीला इथून दिसत होती. क्षणभर त्याच्या मनात आलं, लावून द्यावी खोटी पाटी! कुणाला कळणार? मग स्वतःचीच लाज वाटून त्याने तीनची पाटी सरळ केली.

०–४

एक्याऐंशीव्या मिनिटाला आपल्याला कॉर्नर मिळाला. सगळे पुढे गेले, त्यांच्यात रोलरही. रोलर म्हणजे आपला कप्तान. बचावाला असतो आणि मैदान दाबायच्या यंत्रासारखा सावकाश येतो. तो समोरच्यांच्या गोलासमोर पोचला आणि त्याच्या बुटाची नाडी सुटली. खाली वाकून तो गाठ मारू लागला. तेवढ्यात चेंडू आला, त्याच्या पार्श्वभागावर आपटला आणि गोलीच्या उलट्या बाजूने जाळ्यात शिरला.

सगळ्यात शेवटी कळलं ते रोलरला. तोवर नऊ जण त्याच्या पाठीवर होते आणि नाडी सुटलेलीच होती.

काडीने तिथल्या तिथे उडी मारली, शून्य खेचून काढलं आणि आपल्या बाजूच्या पाट्यांच्या ढिगाकडे वळला. दोन. तीन. चार. पाच. पुन्हा पाहिलं. दोन, तीन, चार, पाच.

एक नव्हती.

आणि मग त्याला आठवलं. ऐन मोसमात भट्टीतली एक फळी मोडली होती. "ती एकची नुसती पडूनच तर आहे, तिला कोण विचारतंय," असं म्हणत त्यानेच ती नेली होती, स्वच्छ फडकं अंथरून. आत्ता या घटकेला तिच्यावर संध्याकाळचे बावन्न पाव निवांत फुगत होते. गिऱ्हाइकांशी भांडणारा हा! त्याचे कान भट्टीसारखे तापले.

समोर सासरे उठून उभे राहिले होते, कपाळावर आडवा हात धरून.

"आपला गोल, काका! देवाशपथ आपला!" टोळकं गळा फाडून ओरडत होतं.

"पुरे झाली चेष्टा. फळ्यावर काय आहे?"

फळ्यावर काही नव्हतं. डावा हुक मोकळा होता.

काडी भट्टीतूनच थेट आला होता. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरी विजार. त्याने स्वतःकडे एकदा पाहिलं. मग सांगाड्यावर चढला, फळ्याला पाठ लावली, हात अंगाशी चिकटवले, पाय जुळवले आणि हुकाखाली ताठ उभा राहिला.

१–४

"एक!" सासरे ओरडले. "अरे एक लागला! लागला की नाही? पण हा एक असा थरथरतोय का?"

"बाबा, तो तुमचा जावई आहे," शेजारी बसलेली काडीची बायको म्हणाली.

"काडी?" ते उशीवरच चढले. "अरे ए काडी! मान सरळ ठेव! लोक सात समजतील!"

सगळं मैदान हसलं. पंचांनी शिट्टी तोंडातून काढली आणि मग पुन्हा घातली. पाहुण्यांच्या गोलीनेसुद्धा टाळ्या वाजवल्या. काडी उरलेली नऊ मिनिटं आणि वरची चार उभा होता. नाकाच्या शेंड्यावर माशी बसली तरी त्याने हात हलवला नाही. हलवला असता तर गोल रद्द झाला असता, असं त्याला मनापासून वाटत होतं.

संघ तक्त्यात शेवटचा आला. तरी रोलरने मैदानाला फेरी मारली आणि फळ्यासमोर थांबून काडीला सलाम ठोकला.

घरी जाताना उशी बायकोकडे होती आणि सासऱ्यांचा हात काडीच्या खांद्यावर.

"जावईबापू, पाटी कुठे होती?"

"भट्टीत. पाव ठेवतो तिच्यावर."

"किती दिवस?"

"तीन महिने."

सासऱ्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे माझा सकाळचा पाव तिच्यावर फुगायचा?"

"हो, बाबा."

"तरीच मला एकावर कधी भागलं नाही," ते म्हणाले आणि हसू दाबता दाबता त्यांना ठसका लागला. "आण परत ती. तू काही दर वेळी पुरायचा नाहीस. पोट सुटत चाललंय तुझं."

बायकोने काडीला कोपराने ढोसलं. "ऐकलंस? दर वेळी म्हणाले!"

पुढच्या मोसमाचा पास सासऱ्यांनी त्या दिवशी सकाळी अकरालाच, सामन्याच्या आधी, काढून ठेवला होता.