लारिसाचा जादा हात

संघात तिला सगळे ‘सकाळची मार्गो’ म्हणत आणि ती हसून घेई. न हसून करते काय! नावात खोटं काहीच नव्हतं. रिलेत चार जणी, प्रत्येकीनं शंभर मीटर पोहायचं; सकाळी प्राथमिक फेरी, संध्याकाळी अंतिम. मोठे संघ आपल्या हुकमी पोरींना सकाळी झोपू देतात आणि त्यांच्या जागी दुसऱ्यांना पाण्यात घालतात. या दुसऱ्यांनी छाती फुटेस्तोवर पोहून संघाला संध्याकाळपर्यंत आणायचं आणि संध्याकाळी टाळ्या वाजवायच्या. पदक मिळालं तर त्यांनाही मिळतं, नाही असं नाही. पण मंचावर नाही. नंतर कुठल्यातरी बोळात संघाचा कुणी माणूस ते खोक्यातून काढून हातात ठेवतो आणि घाईघाईनं पुढे जातो. मार्गो फ्रीसनकडे अशी बोळातली पदकं दोन होती.

या वेळचे पॅन अमेरिकन खेळ विनिपेगला होते, म्हणजे तिच्या अंगणातच. मार्गो सत्तावीस वर्षांची झाली होती. पुढच्या खेळांपर्यंत खांदा टिकायचा नाही, हे डॉक्टरांच्या आधी तिलाच कळलं होतं. एकदा, फक्त एकदा, संध्याकाळी पोहायचं आणि आईच्या डोळ्यांदेखत मंचावर उभं राहायचं, एवढीच तिची आस होती. आईनं, एडिथ फ्रीसननं, हल्ली ती राहायची त्या जवळच्या स्टाइनबाखहून चर्चच्या बायका, दोन आत्या आणि एक अर्धवट बहिरा काका असा सगळा गोतावळा गोळा करून आणला होता. सगळ्यांची तिकिटं संध्याकाळची. “सकाळी काय बघायचं? सकाळी नुसती चाळणी,” आई म्हणाली होती, “खरं पीठ संध्याकाळी.”

आणि मार्गो त्या सकाळी पोहली ती आयुष्यात कधी पोहली नव्हती अशी. भिंतीला हात लावून तिनं वर फलकाकडे पाहिलं तेव्हा स्वतःचा वेळ बघून तिला रडूच फुटलं. मग तिनं बाकी तिघींचे वेळ पाहिले. तिघीही तिच्याहून नखभर पुढे होत्या.

कोच मॅकिलॉप तिच्याशी बोलायला आले ते टॉवेल घेऊन. कोच स्वतः टॉवेल आणून देतो तेव्हा काय ऐकायचं आहे ते पोहणाऱ्या पोरींना न सांगता कळतं.

“मार्गो, झकास पोहलीस.”

“म्हणजे मी बाहेर.”

“शेवटच्या शंभरावर डेल्फिनला घेतोय. लारिसा तिसरी.”

“कोच, तुम्हीच म्हणाला होतात, आपला सगळ्यात चांगला वेळ दे, मग बघू.”

“म्हणालो होतो. तू दिलास, मी बघितलं.” त्यांनी मान खाजवली. “पोरी, मला तुझं वाईट वाटतंय. पण पाण्याला भीडभाड नसते. मीही ठेवू शकत नाही.”

भांडायला जागाच नव्हती, आणि हेच तिला जास्त लागलं. अन्याय झाला असता तर निदान तोंड भरून बोलता तरी आलं असतं.

डेल्फिन आर्सेनो मॉन्क्टनची, एकोणीस वर्षांची. शहरातल्या प्रत्येक बसथांब्यावर तिचा दात दाखवणारा चेहरा लावलेला होता. मार्गो स्वतःच्याच गावात, आपण ज्या थांब्यावर उभं राहून शाळेत गेलो त्या थांब्यावर, त्या दातांच्या खाली उभी राहून बस पकडत होती. बरं, पोरगी शिष्ट असती तर सोपं होतं. ती भेटेल त्याला मेपलची बिस्किटं वाटायची. मार्गोच्या आईचं नाव तिच्या लक्षात होतं. “एडिथ कशा आहेत?” म्हणून विचारायची, तेव्हा मार्गोच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिचं आंघोळ करताना फ्रेंच गाणी गुणगुणणं, तिचे लांबच लांब तळपाय, तिचं कुठेही पडल्या पडल्या डाराडूर झोपणं, सगळ्याचा मार्गोला मत्सर वाटे. आज सकाळी मार्गो पाण्यात जीव टाकत होती तेव्हाही ती बया झोपलेलीच होती! उठली, अंडी खाल्ली आणि मार्गोची संध्याकाळ घेतली.

संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत डेल्फिननं हाक मारली, “मार्गो, येतेस का जरा? हा सूट चढत नाहीये.”

शर्यतीचा सूट म्हणजे दुसरी कातडीच. इतका घट्ट की एकटीनं तो चढवताच येत नाही. पायाला प्लॅस्टिकची पिशवी घालून त्यावरून तो सरकवायचा, मग कुणीतरी मागून बोटांच्या पेरांनी कणाकणानं वर ओढायचा. नख लागलं की फाटलाच. त्यांच्या संघात रीतच होती, सकाळी जी पोहली तिनंच संध्याकाळच्या पोरीला सूट चढवायचा. शुभ मानतात म्हणे. शुभ कुणाला, ते मार्गोनं कधी विचारलं नव्हतं. आज ती गुडघे टेकून डेल्फिनच्या मांडीवरून सूट वर सरकवत होती आणि दात आवळून नखं आत वळवून धरत होती. फाडायची इच्छा झाली नाही असं नाही. पण फाटका सूट लगेच दिसतो, आणि दुसरा सूट पिशवीत तयार असतो.

“तुझे हात किती छान आहेत गं,” डेल्फिन म्हणाली, “कोचनं ओढला तर वाटतं बटाट्याचं पोतं भरतायत.”

“पोट आत घे.”

“घेतलंय. अजून आत घेतलं तर पाठीतून बाहेर येईल.” ती हसली. मग हसायची थांबली. “मार्गो, एक विचारू? मी लारिसाच्या मागे कधी उडी मारलेली नाही. खरोखरच्या शर्यतीत, म्हणजे. सरावात दोनदाच. ती शेवटी कशी येते? तू तर वर्षानुवर्षं तिच्या मागे पोहतेस.”

मार्गोची बोटं थांबली.

लारिसा हुमेनियुक आणि मार्गो एकाच तलावात, एकाच लेनमध्ये वाढल्या होत्या. लारिसाची एक खोड मार्गोइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. दमली नसेल तर ती सरळ येऊन भिंतीला भिडते. पण जीव खाऊन पोहली की शेवटी तिचा अंदाज चुकतो. बघणाऱ्याला वाटतं हा हात आता भिंतीला लागलाच, आणि तो वीतभर अलीकडे पडतो. मग ती एक जादा, तोकडा हात मारते. उडीच्या ठोकळ्यावर वाट बघणारीनं त्या आधीच्या हातावर भरवसा ठेवला तर तिचे पाय भिंतीला हात लागायच्या आधी सुटतात, आणि संघ बाद. सरावात हे दिसायचं नाही, कारण सरावात लारिसा मरेस्तोवर कधी पोहायचीच नाही. सतरा वर्षांची असताना मार्गोनंच एकदा अशी आधी सुटून गावच्या संघाला घरी बसवलं होतं. तेव्हापासून ती तो जादा हात मोजूनच उडी मारायची.

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य जिभेच्या टोकावर आलं. तेवढ्यात तिला समोरच्या आरशात डेल्फिन दिसली: लाल टोपी, तुकतुकीत खांदे आणि चेहऱ्यावर ‘सांग ना’ असा भाबडा विश्वास. हे सगळं असताना आणखी हेही द्यायचं? दहा वर्षं त्या थंड लेनमध्ये कमावलेली ही एकच गोष्ट तिची स्वतःची होती.

“सरळ येते,” मार्गो म्हणाली. “हात बघ आणि मार उडी.”

“बस?”

“बस.”

“देव तुझं भलं करो,” डेल्फिन म्हणाली आणि तिनं मार्गोच्या गालाचा पटकन मुका घेतला.

मार्गो संघाच्या बाकांवर येऊन बसली. तिनं स्वतःला समजावलं की खोटं तर आपण बोललो नाही. लारिसा कधी कधी सरळ येतेच की. आणि झालंच काही तर होऊन होऊन काय होईल, पोरगी जरा गडबडेल, बसथांब्यावरचं ते हसू चार दिवस उतरेल. समोरच्या कठड्याजवळ लाल सदरे घातलेला गोतावळा बसला होता. मार्गो पोहणार नाही हे दुपारीच कळूनही आई सगळ्यांना घेऊन आली होती. तिनं लांबूनच हात हलवला आणि मार्गोला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं.

शर्यत सुटली. पहिलीनं अमेरिकेच्या बरोबरीनं आणून दिलं, दुसरीनं थोडं गमावलं, आणि मग लारिसा पाण्यात पडली ती पिसाळल्यासारखी. घरचा तलाव, घरची माणसं. तिनं परतीच्या पन्नासात गेलेलं सगळं अंतर भरून काढलं. काका उभा राहून भलत्याच पोरीचं नाव ओरडत होता. लारिसाची मान वाकडी व्हायला लागली, खांदे पाण्यात बुडायला लागले. इतकी दमलेली मार्गोनं तिला कधीच पाहिली नव्हती.

आणि तेव्हा, त्या शेवटच्या काही मीटरांत, मार्गोच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. संघ बाद म्हणजे चौघीच बाद नव्हेत. सकाळचीही बाद. बोळातलं पदकसुद्धा नाही. दुसऱ्याला अपशकुन करायला आपलंच नाक कापून घेणारे लोक असतात म्हणतात, आपण त्यांतलेच निघालो.

“थांब!” ती किंचाळली. “डेल्फिन, थांब!”

इतक्या गोंगाटात ते शेजारच्या बाकावरही ऐकू गेलं नाही. लारिसाचा हात पुढे आला, वीतभर अलीकडे पडला. डेल्फिन ठोकळ्यावरून सुटली होती. मग तो जादा, तोकडा हात आला आणि भिंतीला लागला.

बाकी कुणाला काही दिसलं नाही. डेल्फिन बाणासारखी गेली आणि अमेरिकेच्या पोरीच्या आधी भिंतीला पोचली. सगळा तलाव उठून नाचायला लागला. आई अनोळखी माणसांना मिठ्या मारत होती. एक मार्गो तेवढी खाली बसली. फलकावर पहिल्या ओळीत त्यांचं नाव आलं, थोडा वेळ राहिलं, आणि मग तिथून उतरून सगळ्यांच्या तळाला गेलं. पुढे वेळेच्या जागी ‘बाद’. इतकी माणसं एकदम गप्प झालेली मार्गोनं कधी ऐकली नव्हती.

तलावामागच्या बोळात कॅमेरेवाले आधीच दाटीवाटीनं उभे होते. डेल्फिनच्या अंगावर टॉवेलही नव्हता, ती थरथरत होती, पण रडत नव्हती.

“चूक माझी आहे,” ती सांगत होती. “माझी एकटीची. लारिसा अशी पोहली की तिचा पुतळा उभारायला हवा. आणि सकाळी पोहली ती मार्गो... तिचंही पदक मी घालवलं. ते मला जन्मभर सलेल.”

माईक बाजूला झाले. आप्तांना आत सोडलं. लारिसा भिंतीला टेकून बसली होती, ओठ निळे पडलेले. तिनं मार्गोला जवळ ओढून घेतलं आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मग तसंच डोकं ठेवून हळूच विचारलं, “मार्गो, माझ्या त्या जादा हाताचं तिला सांगितलं होतंस ना गं?”

मार्गोनं तोंड उघडायच्या आत डेल्फिन म्हणाली, “सांगितलं होतं तिनं. दोनदा सांगितलं. ठोकळ्यावर उभी राहिले आणि सगळं विसरले.”

तिनं मार्गोकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, टोमणाही नव्हता. सगळं कळलेली ती नजर होती, आणि मार्गोला ती सोसवेना.

तेवढ्यात आई आली. ती मार्गोकडे आलीच नाही. थेट डेल्फिनकडे गेली, आपला लोकरी स्वेटर काढून तिच्या ओल्या अंगावर टाकला आणि तिला पोटाशी धरलं. “माझी गुणाची पोर ती! केवढं मन हे, केवढं मोठं मन! आमच्या स्टाइनबाखला ये, मी तुला हातानं खाऊ घालते.” आत्यांनीही डोळे पुसले. कोच मॅकिलॉपनी डेल्फिनच्या टोपीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

मार्गो बघत राहिली. तिला लाज वाटायला हवी होती, हे तिलाही कळत होतं. पण लाजेच्या आधी तोच जुना मत्सर वर आला. संध्याकाळ घेतली, ठोकळा घेतला, आई घेतली. आणि आता ही चूकसुद्धा हिनंच घ्यावी? ती तर मार्गोची होती. सगळ्या खेळांत तिच्या नावावर म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

“मी सांगितलं नव्हतं,” ती मोठ्यानं म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

“तिनं मला विचारलं होतं. मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही. मुद्दाम.”

आईनं डेल्फिनला न सोडता दुसरा हात लांब करून मार्गोचा गाल थोपटला. “पुरे गं राणी. कळतंय आम्हाला. तिचं ओझं हलकं करतेयस. दोघीही एकीपेक्षा एक!”

“मॉम, मी खरं सांगतेय.”

“हो हो, खरं सांगतेय,” आई डोळे पुसत म्हणाली. आत्यांनी माना डोलावल्या. कोचनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. दहा वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

लारिसानं मात्र तिच्या खांद्यावरून डोकं उचललं. थोडा वेळ ती मार्गोच्या तोंडाकडे बघत राहिली. भिंतीचा आधार घेऊन उठली, आपली पिशवी उचलली आणि बोळाच्या पलीकडे जाऊन डेल्फिनशेजारी बसली.