शेजारच्या सीटचा चौथा बोल्ट

मी एक जुना बोल्ट आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. फाटकी छत्री, बंद पडलेले घड्याळ यांची कहाणी तुम्ही कौतुकाने वाचता, मग एकदा माझीही ऐका. मी अंगठ्याएवढाच, पण चौदा वर्षे एका बाईंचे बसणे माझ्या भरवशावर होते.

कारखान्यात सळईचा तुकडा तोडून माझे डोके ठोकले गेले आणि अंगावर पीळ पाडले गेले. त्या पिळांना आटे म्हणतात. आटे शाबूत तर बोल्ट शाबूत. पुढे मी माझ्या तीन भावांबरोबर एका व्हॅनमध्ये आलो. ड्रायव्हरशेजारच्या सीटचे चार पाय आम्ही चौघांनी धरून ठेवायचे. पत्र्याखाली प्रत्येकाचा नट वेल्डिंग करून कायमचा बसवलेला होता. माझ्या वाट्याला दाराकडचा मागचा पाय आला.

व्हॅन लॉन्ड्रीची होती. चादरींची गाठोडी मावावीत म्हणून सोमवारी सीट काढून ठेवत आणि शनिवारी परत बसवत. कारण रविवारी घरातल्या आई नदीपलीकडे आपल्या थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे जात. अक्कांचे पाय घराबाहेर निघत नव्हते. त्यामुळे दोघी बहिणी आठवड्याचे सगळे बोलणे त्या एका दुपारी उरकत.

आईंचे यजमान, म्हणजे थोरले मालक, सीट बसवत ते दिवस आठवले की अजूनही बरे वाटते. ते गुडघे टेकून बसत, मला फडक्याने पुसत, आट्यांना तेलाचे बोट लावत. मग पाना बाजूला ठेवून मला आधी नटावर उलटे फिरवत. टक् असे झाले की आटे जुळले असे समजायचे आणि मगच सुलटे. "बोटांनी जातोय तोवर पान्याला हात लावायचा नाही," असे ते स्वतःशीच म्हणत. त्यांच्या बोटांना साबणाचा वास येई. काम झाले की घरात हाक जाई, "तुझं सिंहासन तयार आहे." आतून उत्तर येई, "सिंहासनाचं राहू द्या, हात धुवा आणि जेवायला या."

थोरले गेले आणि व्हॅन मुलाकडे आली. मुलगा वाईट नव्हता, पण घाईचा मोठा. एका शनिवारी कान आणि खांद्यामध्ये फोन धरून त्याने मला कसेबसे टेकवले आणि थेट लांब पाना लावला. मी वाकडा शिरलो. आट्यांवर आटे चढले आणि चुरडले. बोल्टाला ओरडता येत नाही, करकरता येते. तेवढा मी करकरलो. पण वाकडा बोल्टही हाताला घट्टच लागतो, हीच तर त्यात गोम आहे.

रविवारी सकाळी त्याला माझ्या डोक्याखालची बोटभर फट दिसली. आई दारात तयार होऊन उभ्या होत्या. त्याने फटीत पुठ्ठ्याची घडी कोंबली आणि वेळ मारून नेली. पुढचे दोन शनिवारही मी तसाच वाकडा बसलो, पुठ्ठ्यासकट. प्रत्येक वळणावर सीट डुगडुगे. आई दाराचा दांडा घट्ट धरून बसत आणि मुलगा समोर रस्त्याकडे बघे.

तिसऱ्या रविवारी परतताना आई म्हणाल्या, "पुढच्या वेळेपासून मी नाही यायची."

"का गं?"

"वळणावर तोल जातो रे माझा. चक्करच येते म्हण ना. वय झालं आता. अक्काशी बोलेन फोनवर."

"फोनवर तिला ऐकू येतं का?"

"नाही येत. नुसती हं हं करते."

खरे सांगायची वेळ हीच होती. पण मुलाने गिअर बदलला आणि व्हॅन पुढे काढली.

दोन रविवार कोरडे गेले. मी त्याच्या शर्टाच्या खिशात होतो. मिस्त्रीला दाखवीन म्हणून तो मला रोज नेई आणि रोज तसाच परत आणी. खिशातून मला दिसले की आई आता घरातही भिंत धरून चालतात. वरच्या फळीवरचा डबा हवा असला तर शेजारणीला हाक मारतात. आटे माझे खराब झाले होते आणि म्हातारपण त्यांना आले होते.

एका सकाळी त्या चहा घेऊन आल्या. एक हात भिंतीवर, एका हातात कप. निम्मा चहा बशीत सांडला. मुलाने मला काढून टेबलावर ठेवले.

"आई, तुला चक्कर येत नाही. सीट हलते. हा बोल्ट मी वाकडा बसवलाय. मला माहीत होतं."

आईंनी मला उचलले. चुरडलेल्या आट्यांवरून नख फिरवले.

"म्हणजे मी नव्हते हलत?"

"नाही."

"आणि मी भिंत धरून चालत होते, ते तू बघत होतास."

मी कारखान्यातला घण सोसला आहे. पण त्या वाक्याने मुलाची मान खाली गेली, तसा घाव मला कधी बसला नव्हता. आई उठल्या. "चल मिस्त्रीकडे. मीही येते."

मिस्त्री दिवा घेऊन व्हॅनखाली शिरले. "वरचे तीन आटे दुमडलेत, खालचे चांगले आहेत. नशीब तुझं, नाहीतर नटच बदलावा लागला असता." त्यांनी टॅप, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, खालच्या चांगल्या बाजूने घातला. तेल सोडत अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असे ते सावकाश फिरवत राहिले. लोखंडाचा बारीक चुरा खाली पडत होता. मग बरोबर आणलेली सीट ठेवली आणि माझ्या जागी नवा बोल्ट आला. मिस्त्रींनी सीट दोन्ही हातांनी गदागदा हलवली. अख्खी व्हॅन हलली, सीट मात्र जागची हलली नाही.

माझी जागा गेली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? आता मी खिडकीशी असतो, कागद उडू नयेत म्हणून. त्या रविवारी आई अक्कांकडून परतल्या त्या घसा बसवूनच. तीन आठवड्यांचे बोलणे तुंबले होते ना. घरात शिरल्या आणि खोलीच्या मधोमध चालत जाऊन त्यांनी दिवा लावला.

मित्रांनो, आम्हाला तेल द्या, जपून हाताळा, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठी विनवणी आहे. तुमच्या हातून काही वाकडे बसले, तर त्याच दिवशी सांगून टाका. तुम्ही गप्प राहिलात की घरातले सगळ्यांत कमी तक्रार करणारे माणूस तुमची चूक स्वतःवर घेते आणि निमूटपणे भिंत धरून चालू लागते.