बदलीची सायकल

मंजूषाने हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला, हातमोजे चढवले आणि रांगेत उभ्या केलेल्या सायकलींमधून ती आपली सायकल शोधायला निघाली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, परत आली. प्रत्येक हँडलला नावाची चिठ्ठी बांधलेली होती. नवऱ्याची, श्रीकांतरावांची होती, बँकेतल्या प्रतीकची होती, त्या दोघी डॉक्टर बहिणींचीही होती. तिच्या नावाची नव्हती.

"रसिका, अगं माझी कुठेय?"

रसिका आणि समीर ही या सहलीची वाटाडी जोडी. चार दिवस, भोजपूर, भीमबेटका, सांची, उदयगिरी, सगळं सायकलवरून. समीर सर्वांत पुढे, रसिका सर्वांत मागे, आणि तिच्याही मागे सामानाची गाडी घेऊन मोहन भैया. जो दमेल तो गाडीत, आणि नाश्त्याच्या थांब्याला गाडी तेवढी आधी पुढे जाणार, असा साधा हिशोब. रसिकाचे आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले ते जवाहर चौकातच रुजले, त्यामुळे पोरीच्या मराठीत हिंदी कुठून शिरते आणि कुठून निघते ते तिलाही कळत नसे.

"काकू, तुमची?" रसिका गोंधळली. "काका तर बोलले होते की तुम्ही गाडीत बसणार. नाश्त्याचं पण तुम्हीच संभाळणार म्हणून."

मंजूषाने मान वळवली. श्रीकांतराव खाली वाकून अंगठ्याने टायरची हवा तपासत होते. इतक्या भक्तिभावाने तपासण्यासारखं त्या टायरमध्ये काही नव्हतं.

"अहो."

"घातलंय ना तुझं नाव," वर न बघताच ते म्हणाले. "दोघांचं घाला म्हणालीस, दोघांचं घातलं. तू आरामात ये गाडीतून. मंडीदीपच्या कारखान्यांचे ट्रक असतात रस्त्याला, आणि त्यात तुझा गुडघा. मी सगळ्यांना सांगूनसुद्धा टाकलंय, आपण भोजपूरला पोचेपर्यंत मंजूषा धपाटे, दही, चटणी मांडून तयार असेल!"

शेवटचं वाक्य त्यांनी असं म्हटलं, जणू बायकोला शालश्रीफळ देत होते.

आता, श्रीकांतराव दुष्ट होते म्हणाल तर मुळीच नाही. माणूस सरळ. आयुष्यभर कारखान्यात टर्बाइनच्या विभागात काम केलं आणि टर्बाइन जसं आखून, मोजून बसवतात तसंच घरही चालवलं. बायकोची काळजी तर इतकी, की दोन वर्षांपूर्वी तिचा गुडघा दुखला तेव्हापासून तिला जिना चढतानाही ते टोकत. पण काळजी करताना समोरच्याला एकदा विचारावं, हे काही त्यांच्या डोक्यात कधी शिरलं नाही. आणि तिनेही ते कधी शिरवलं नाही, हेही खरंच.

पण दसऱ्यापासून ती रोज पहाटे मुलाची, अमेयची जुनी सायकल काढून कारखान्याच्या बरखेडा टाउनशिपमध्ये फेऱ्या मारत होती. आधी क्वार्टरभोवती, मग शाळेच्या मैदानापर्यंत, मग थेट कारखान्याच्या गेटापर्यंत आणि परत. लहानपणी यवतमाळला ती दोन बहिणींना ट्रिपलसीट घेऊन शाळेत जायची. लग्नानंतर जी सायकल सुटली ती सुटलीच. श्रीकांतरावांनी तिला या फेऱ्या मारताना पाहिलं होतं, नाही असं नाही. "बरंय, व्यायाम होतोय," असं ते म्हणालेही होते. तो व्यायाम कशासाठी चालला आहे एवढंच त्यांना दिसलं नव्हतं.

मंजूषाला आधी रडू आलं. मग रडू आल्याचा राग आला, आणि तो राग बरा वाटला.

"मोहन भैयाच्या गाडीच्या टपावर ती एक बांधलीय, ती कुणाची?" तिने रसिकाला विचारलं.

"ती? ती बदलीची आहे काकू. रस्त्यात कुणाची सायकल बिघडली तर द्यायला."

"ती काढ."

"पण काकू, ती इमर्जन्सीसाठी असते."

"ही इमर्जन्सीच आहे."

डॉक्टर बहिणींपैकी धाकटी फसकन हसली आणि लगेच खोकली. समीरने रसिकाकडे पाहिलं, रसिकाने श्रीकांतरावांकडे. श्रीकांतराव आता दुसरं टायर तपासत होते.

"मंजूषा, तमाशा कशाला?" ते हळूच म्हणाले.

"सायकल मागतेय हो. तमाशा काय त्यात?"

मोहन भैयाने कुणाच्या परवानगीची वाट न बघता दोऱ्या सोडायला सुरुवात केली होती.

सायकल पुरुषी बांध्याची होती आणि सीट पार वर. रसिकाने सीट खाली करून दिली तरी सुरुवातीला मंजूषाचे पाय जेमतेम टेकत होते. पण बरखेड्याचे ओळखीचे रस्ते संपले, दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं लागली, थंडीचं वारं नाकात झोंबायला लागलं, आणि तिला वाटलं, आई गं, हे सगळं मी काचेआडून बघणार होते! समोरून येणारा एक म्हातारा म्हशी थांबवून तिच्याकडे बघत राहिला. तिने त्याला घंटी वाजवून दाखवली.

"काकू, आराम से," मागून रसिका म्हणाली. "मी पीछेच आहे."

"तू कंटाळत नाहीस ना गं माझ्यामागे?"

"नाही हो. मला तर पुढे जायलाच मनाई आहे. जो सगळ्यात शेवटी, त्याच्या मागे मी. तुम्ही थांबाल तर मी पण थांबेन."

भोजपूरला ती पोचली तेव्हा बाकीचे देऊळ बघून, फोटो काढून, पायऱ्यांवर हात चोळत बसले होते. हजार वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेलं ते देऊळ, छतापर्यंत पोचेल असं वाटणारं ते शिवलिंग, सगळं बघून पोटं आता रिकामी झाली होती. श्रीकांतराव गाडीशेजारी उभे होते.

"सगळे खोळंबलेत," ते म्हणाले. "डबे अजून तसेच आहेत."

मंजूषाने सायकल झाडाला टेकवली. ती पायरीवर बसली. बाटली तोंडाला लावली, पाणी पोटभर प्यायली, मग तोंड पुसलं.

"डबे गाडीत आहेत," ती म्हणाली. "झाकणं उघडतात त्यांची."

प्रतीक उठला आणि डबे काढायला गेला. मागोमाग बहिणी गेल्या. दोन मिनिटांत सगळे दगडावर बसून हातावरच धपाटे घेऊन खात होते आणि चटणीसाठी भांडत होते. श्रीकांतरावांनीही घेतला. संपल्यावर ते हेल्मेट चढवून सर्वांत आधी निघाले आणि निघाले ते असे, की समीरलाही त्यांच्या पुढे राहण्यासाठी जोर लावावा लागला. नवरा रागावला की वेगात चालतो, हे मंजूषाला माहीत होतं. पुण्याला नात्यातल्या एका लग्नात तर तो तिला मागे टाकून कार्यालय ओलांडूनच पुढे गेला होता.

मंडीदीपचे ट्रक तिने दात आवळून सहन केले. मोठा ट्रक शेजारून गेला की हँडल हलायचं आणि तोंडात धूळ जायची. दोनदा तिला वाटलं, बास, चढावं गाडीत. दोन्ही वेळा तिने मनातल्या मनात श्रीकांतरावांचं "बघ, मी म्हणालो नव्हतो?" ऐकलं आणि पायडल मारत राहिली. औबेदुल्लागंज मागे पडलं. भीमबेटक्याच्या फाट्याला वळल्यावर रेल्वेचे रूळ लागतात, आणि तिथे सगळे थांबलेले तिला लांबूनच दिसले.

झालं होतं असं. रुळांवर उतरून सायकल हातात धरूनच पलीकडे जायचं, हे समीरने सकाळी सगळ्यांना बजावलं होतं. श्रीकांतराव उतरले नाहीत. पुढचं चाक रुळाच्या फटीत सापडलं, ते आडवे झाले, आणि रिम तळलेल्या पापडासारखी वाकली. नशीब की नुसतं कोपर खरचटलं. थोरली डॉक्टर त्यावर औषध लावत होती आणि ते "काही नाही हो, काही नाही" म्हणत होते.

"लागलं का फार?" मंजूषा धावतच गेली.

"नाही गं. चाक गेलं पण."

"चाक गेलं तर गेलं."

"नवीन चाक रात्री भोपाळहून मागवतो," समीर म्हणाला. "उद्या सकाळी काकांची सायकल रेडी. आज फक्त हा शेवटचा चढ राहिलाय."

शेवटचा चढ. आदिमानवाने चित्रं काढलेल्या त्या गुहांपर्यंत सागाच्या रानातून वर जाणारा रस्ता. या चढाबद्दल श्रीकांतराव महिनाभर बोलत होते. मंजूषाला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. ती तोंड धुवायला गाडीकडे गेली, आणि ओल्या तोंडाने मागे वळली तेव्हा तिला दिसलं, की श्रीकांतराव तिच्या सायकलीपाशी उभे आहेत. सीटखालची खिटी त्यांनी सैल केली होती. ते सीट वर ओढत होते, आपल्या उंचीची.

तिला कुणी विचारलं नव्हतं. आताही नाही.

"ती सीट खाली करा," ती म्हणाली.

"अगं, इथून पुढे नुसता चढ आहे. तू खूप केलंस आज, खरंच, कमाल केलीस. आता जरा बस गाडीत. तुला झेपायचं नाही हे."

"नाही झेपलं तर ढकलत नेईन. सीट खाली करा."

श्रीकांतरावांनी आधारासाठी समीरकडे पाहिलं. समीर पायाने माती उकरत म्हणाला, "म्हणजे काकू, तसं बघितलं तर बदलीची सायकल रायडरसाठीच असते. आणि काकांनी रायडरचे पैसे..."

"आणि मी काय आहे? सकाळपासून माझ्या मागे ही पोरगी येतेय, ती कुणाच्या मागे येतेय?"

रसिका पुढे झाली. तिला बोलायला धाडस करावं लागलं हे तिच्या कानांवरून दिसत होतं, ते लाल झाले होते.

"काका, सॉरी," ती म्हणाली. "मी मागे असते ना, तर मला माहितीये. काकू रायडर आहेत."

एक मालगाडी येत होती, तिची लांबलचक शिटी ऐकू आली. मंजूषाने हँडल धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं, आणि सोडलंही नाही. शेवटी श्रीकांतराव वाकले आणि त्यांनी सीट खाली केली. फारच खाली केली, एखाद्या मुलीसाठी करावी तशी. बायकोची उंची त्यांना नेमकी माहीत नव्हती. मंजूषाने ती पुन्हा दोन बोटं वर घेतली, खिटी आवळली, आणि ते मान खाली घालून गाडीत मोहन भैयाशेजारी जाऊन बसले.

चढ तिला वाटला होता त्याहून वाईट निघाला. बाकीचे केव्हाच सागाच्या झाडांआड गेले. पहिल्या वळणाला तिने सगळ्यात हलका गिअर टाकला, दुसऱ्या वळणाला तोही पुरेना आणि मांड्या पेटल्या. तिसऱ्याच्या आधी ती खरंच उतरली आणि सायकल ढकलत चालू लागली. रसिकाही उतरली आणि मग मागून चालतच आली. जरा श्वास सापडल्यावर मंजूषा पुन्हा सीटवर बसली, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरपी तिरपी जात राहिली. मागे गाडी घुरघुरत येत होती. गुडघ्यात कळ होती, पण ती तिची स्वतःची कळ होती आणि ती कुणालाच सांगायची नव्हती.

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग पावलं, जड आणि घाईची. आणि एकदम सायकल हलकी झाली.

श्रीकांतरावांनी मागून सीटला हात लावला होता. ते धापा टाकत बरोबर धावत होते आणि ढकलत होते. काय सुख होतं ते! मांड्यांची आग तेवढ्यात निवली. डोळे मिटावेत, पाय सोडून द्यावेत आणि असंच वर पोचावं, असं तिला वाटून गेलं. इतकं वाटलं, की तिची तिलाच धास्ती बसली.

"हात काढा," ती म्हणाली.

"अगं थोडंच राहिलंय. मी नुसता टेकू..."

"श्रीकांत, हात काढ."

लग्न झाल्यापासून तिने त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती, घरातही नाही. मागे रसिकाचं पाऊल अडखळलं. पण शब्द बाहेर पडला होता आणि तो परत घ्यावासा मंजूषाला वाटला नाही.

हात निघाला. सायकल क्षणभर जागच्या जागी डुलली, आता पडते की काय अशी. मंजूषा सीटवरून उठली, सगळं वजन एका पायडलवर टाकलं, मग दुसऱ्यावर. चाक फिरलं.

मागे मोहन भैयाने गाडी थांबवून हाक दिली, "सर, बैठिए ना, अभी चढ़ाई बाकी है."

"तुम चलो," श्रीकांतरावांचा दमलेला आवाज आला. "मैं पैदल आता हूँ."

गाडी तिच्या बाजूने पुढे निघून गेली. मग बराच वेळ त्या रस्त्यावर साखळीचा आवाज होता, आणि जरा अंतर राखून मागे येणारी बुटांची चाल. त्यांच्याही मागे रसिका थांबून थांबून चालत होती. सर्वांत शेवटी आता श्रीकांतराव होते. मंजूषाने मागे वळून पाहिलं नाही. समोर आणखी एक वळण होतं.