बेचाळिसावी ओळ

घोडेगावच्या एसटी स्टँडमागे माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, करारनामे, लग्नपत्रिकांचा मजकूर, असलं काम. दोन हजार एक साली एका संस्थेचं काम आलं. डोंगराकडच्या गावांतल्या वर्षाच्या आतल्या मुलांची यादी करायची, म्हणजे कुणाला लसीचे डोस मिळाले आणि कुणाला राहिले ते कळेल. एका ओळीत एक मूल. संस्थेच्या माणसाने कॉम्प्युटरवर एक साधा एडिटर टाकून दिला आणि एकच नियम सांगितला: ओळीच्या सुरुवातीला # ही खूण असली की यंत्र ती ओळ मोजत नाही. ती ओळ म्हणजे आपल्या आपल्यात ठेवलेला शेरा. त्या खुणेला मी जाळी म्हणायचो.

यादी ताडून बघायला झुंबरबाई यायची. वरच्या पंधरा गावांची सुईण. अक्षरओळख शून्य, पण कुठल्या घरात कोण कधी जन्मलं ते सगळं तोंडपाठ. दर बाजारच्या दिवशी दुपारी ती माझ्या दुकानातल्या बाकावर बसायची, मी नंबर आणि नाव मोठ्याने वाचायचो, ती मान हलवायची. चुकलं की माझी खरडपट्टी काढायची. एखादं मूल गेलेलं असलं तर काही न बोलता हात आडवा हलवायची. मग मी त्या ओळीपुढे जाळी टाकायचो आणि शेवटी ‘वारला’ किंवा ‘वारली’ लिहायचो.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक बाई बसायची. विटकं हिरवं लुगडं, पाय अनवाणी, मांडीवर रिकामी टोपली. झुंबरबाईबरोबर आली असेल असं मी धरून चाललो. बोलायची नाही. मधेच एखादं नाव वाचलं की तेवढं हळूच स्वतःशी म्हणून बघायची आणि परत गप्प.

श्रावणापर्यंत जाळ्या बऱ्याच झाल्या. तेव्हा रत्नाला, माझ्या बायकोला, आठवा महिना होता. त्याआधी आमची दोन मुलं बारसं व्हायच्या आत गेली होती. मी मुळात चिडका माणूस. दुःख झालं तरी मला आधी राग येतो. समोर दर चार ओळींनी ‘वारली’ दिसायचं आणि माझं डोकं फिरायचं. शेवटी एडिटरच्या मदतीच्या पानांत डोकं घालून मी उपाय शोधला. रेग्युलर एक्स्प्रेशन असं भारदस्त नाव आहे त्याचं, पण गोष्ट सोपी आहे. ओळ कशी दिसते त्याचं वर्णन लिहायचं, आणि यंत्राला सांगायचं की अशा सगळ्या ओळी लपव. मी लिहिलं ^#. ती टोपी म्हणजे ओळीची सुरुवात, आणि तिच्यापुढे जाळी. एवढ्या दोन खुणा एका बटणावर बसवल्या. बटण दाबलं की गेलेली मुलं पडद्यावरून नाहीशी व्हायची. पुसली जायची नाहीत, फाइलमध्ये असायची, फक्त दिसायची नाहीत. डावीकडचे नंबर तेवढे चुगली करायचे: एकोणीस, वीस, तेवीस. मला मात्र स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मग एका बाजारी त्या बाईने ‘हर्षाली’ हे नाव म्हटलं, आणि पुढच्या बाजारी झुंबरबाईचा हात हर्षालीवर आडवा हलला. त्यानंतर ‘शौर्य’. तिसऱ्या वेळी तिने म्हटलेलं नाव मी गुपचूप कागदावर लिहून खिशात ठेवलं. आठ दिवसांनी झुंबरबाईने त्याच नावावर हात हलवला तेव्हा तो कागद माझ्या खिशातच होता. 

झुंबरबाईला स्टँडवर सोडायला गेलो आणि विचारलं, मावशी, तुमच्याबरोबर ती बाई येते ती कोण?

“माझ्यासंगं?” ती थांबली. “मला वाटलं तुमच्या घरातली हाय.”

ती तिथेच पायरीवर बसली.  मी म्हटलं, पुढच्या बाजारापासून वाचणं बंद. ती म्हणाली, तसं करू नका. वाचणं बंद केलं तर ती घरोघर जाऊन विचारील. इथे निदान यादी तुमच्या हातात आहे.

त्याच आठवड्यात रत्ना बाळंत झाली, झुंबरबाईच्याच हातून. मुलगी. झुंबरबाई म्हणाली, नाव धोंडी ठेवा. आमच्याकडे ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे असं दगडाधोंड्याचं नाव ठेवतात, म्हणजे नेणाऱ्याला ते घ्यावंसं वाटू नये. मी तिच्यावर खेकसलो. दोन हजार एक साल आहे, म्हटलं, माझ्या मुलीचं नाव आरोही. आणि ऐटीत दुकानात जाऊन रिकाम्या असलेल्या बेचाळिसाव्या ओळीत टाइप केलं. टाइप करून झाल्यावर बाकाकडे नजर गेली आणि ऐट उतरली.

बाजारच्या दिवशी सकाळी मी आरोहीच्या नावापुढे जाळी टाकली. शेवटी ‘वारली’ लिहिलं. घरी मुलगी दूध पिऊन झोपली होती, आणि मी तिचा बाप, हे लिहीत होतो. ती तीन अक्षरं मी तीनदा पुसून पुन्हा लिहिली. बाकीच्यांच्या मुलांचं काय, हे मनात आलं. आलं, आणि मी ते बाजूला सारलं. ते मी आजही विसरलेलो नाही. मग बटण दाबलं आणि ओळ नाहीशी झाली.

दुपारी दोघी बाकावर बसल्या. मी वाचायला लागलो. सवय म्हणजे सवय, डावीकडचा नंबर, मग नाव.

“एक्केचाळीस, लंका. त्रेचाळीस...”

“बेचाळीस ऱ्हायलं,” ती बाई म्हणाली.

तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. साधा होता, बाजारात भाव विचारतात तसा. तिला वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं, आणि आपण नेलेले नंबर तिला माहीत होते.

मी म्हटलं, ते मूल गेलं. तिने विचारलं, कुणाचं? मी म्हटलं, माझं.

तिने माझ्याकडे पाहिलं. खरंच कोड्यात पडल्यासारखी दिसली.

“गेलं? मंग मी कुठं व्हते?”

 झुंबरबाई तिच्याकडे न बघता, पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “तुमी मढ गावाला व्हता त्या दिशी, बाई.”

ती विचारात पडली. मग म्हणाली, “असंल.” टोपली काखेला लावली आणि उठून गेली. त्या दिवशी तिने कुठलंच नाव म्हटलं नाही. यादी संपेपर्यंत ती परत आली नाही, आणि यादी संपली तसं कामही संपलं.

झुंबरबाई दोन हजार पाचला वारली. आरोही मोठी झाली. ती फाइल मी जुन्या कॉम्प्युटरवरून नव्यावर आणली, पण जाळी कधी काढली नाही. रत्नाला यातलं काही सांगितलं नाही.

आरोहीला आता आठवं वर्ष चालू आहे. परवाच्या बाजारी तिला शाळेला सुट्टी होती. मी दुकानाच्या दारात एका गिऱ्हाइकाच्या अर्जावर वाद घालत होतो. आत ती कॉम्प्युटरशी खेळत होती. कीबोर्डवरचं एकेक बटण दाबून बघायचं, हा तिचा नाद. मग तिचा आवाज आला. ती आकडे आणि नावं वाचत होती, शाळेत पाढे म्हणतात तशी. मला कळायला वेळ लागला, कारण ती एकही आकडा गाळत नव्हती. गेलेली सगळी मुलं ओळीने वाचत होती.

“बाबा, माझ्यापुढे पण जाळी व्हती,” ती म्हणाली. “मी काढली.”

बाकावर ती बाई बसलेली होती. तेच लुगडं, मांडीवर तीच टोपली.

“चाळीस,” आरोहीने पुढे वाचलं. “एक्केचाळीस, लंका.”

मी गिऱ्हाइकाला तसंच सोडून आत धावलो आणि आरोहीच्या तोंडावर हात ठेवला. जरा जोरातच ठेवला गेला, तिचा दात माझ्या तळव्याला लागला. आकडा गाळून चालणार नव्हतं, ते मला एकदा कळलं होतं.

“बेचाळीस,” मी म्हटलं. “भरत.”

बाकावरच्या बाईने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे, मग परत माझ्याकडे.

“भरत,” ती हळूच म्हणाली. टोपली काखेला लावून ती निघून गेली. आरोही रडत होती, मी तोंड का दाबलं म्हणून.

आरोही, हे मी तुझ्यासाठी लिहितोय, त्याच फाइलमध्ये, यादीच्या खाली. वर लिहिलं असतं तर नंबर सरकले असते. या सगळ्या ओळींपुढे जाळी टाकली आहे, त्यामुळे बटण दाबलं की त्या दिसणार नाहीत, आणि तू पुन्हा दाबलंस की दिसतील. त्या दिवशी मी रागावलो नव्हतो, घाबरलो होतो. तुझी ओळ उचलून मी पार तळाशी नेली आहे, पुन्हा जाळी टाकून. ती जाळी काढू नकोस आणि ही यादी कधीही मोठ्याने वाचू नकोस.

बेचाळिसाव्या ओळीत आता माझं नाव आहे, भरत. त्याच्यापुढे अजून काही नाही. पुढच्या बाजारानंतर तिथे जाळी टाकायची आहे. ते तुला येतं.